अबू फव्वाजच्या घरची कॉफी

तफीला गावच्या स्टँडवर मिनीबसवाले पुष्कळ आहेत, पण चावी लावण्याआधी गाडीभोवती पुरती फेरी मारणारा एकच. त्याचं नाव दैफल्लाह; थोरल्या मुलाच्या नावावरून सगळं गाव त्याला अबू फव्वाज म्हणतं. पहाटेची नमाज झाली की तो बाहेर येतो, चारही टायरांवरून हात फिरवतो, वाकून तेल गळलंय का बघतो, पाणी बघतो, मग आत बसून ब्रेक दोनदा दाबतो आणि तिसऱ्यांदा उगीचच. हे सगळं होईपर्यंत शेजारच्या गाडीवाल्याने निम्मे प्रवासी पळवलेले असतात. "अबू फव्वाज, टायर बघतोयस का सून बघतोयस?" असं कुणीतरी ओरडतं. तो मान वर करत नाही. त्याच्या बायकोची तक्रार अशी, की एवढ्या वर्षांच्या संसारात आपल्याकडे या माणसाने एकदाही इतकं निरखून पाहिलेलं नाही.

जन्म गेला त्याचा त्या रस्त्यावर. डोंगर उतरून वाळवंटातल्या हमरस्त्याला लागायचं, अम्मान गाठायचं, जेवण उभ्या उभ्या उरकायचं आणि माणसं भरून परत घाट चढायचा. समोरून फॉस्फेटचे ट्रक येतात ते रस्ता बापाचा असल्यासारखे. हिवाळ्यात धुकं, कधी बर्फ, आणि बारा महिने घाईत असलेली माणसं. अबू फव्वाजचे गुडघे कधीच कामातून गेलेत. संध्याकाळी घरी येऊन एक बूट काढला की दुसरा काढायला तो बराच वेळ घेतो, नुसता भिंतीकडे बघत बसतो. पण त्याच्या हातून आजवर गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नाही. हे तो स्वतः कधी सांगत नाही; असं बोललं की नजर लागते, यावर त्याचा विश्वास आहे.

स्टँडवरच्या चहाच्या टपरीपाशी नवी नवी पोरं गाडी सुटायची वाट बघत बसलेली असत. त्यांना चार गोष्टी सांगायची खोड मात्र त्याला होती. झोप झाली नसेल तर घरी जा, पोटापेक्षा डोळा महत्त्वाचा. फोन कप्प्यात टाका आणि कप्पा बंद करा. टायरच्या खाचेत बोट घालून बघा. बोटाला खाच लागली नाही तर तो टायर नाही, फुगा आहे. उतारावर इंजिनाला काम करू द्या, ब्रेक जाळू नका. पोरं चहात मरव्याची पानं ढवळत हो हो म्हणत आणि जांभया देत. गाडी चालवता येत नाही असं आमच्याकडे कुणालाच वाटत नाही, त्यामुळे अपघाताच्या आधी काय करायचं हे ऐकून घ्यायला कुणी रिकामं नसतं. अपघात झाल्यावर काय करायचं, हेही तो सांगे. ते थोडक्यात संपे, आणि तेवढं मात्र पोरं कान टवकारून ऐकत. ते सगळ्यांच्या तोंडपाठ होतं.

आमच्याकडे अपघात दोन गाड्यांचा नसतो, दोन भावक्यांचा असतो. गाडीखाली माणूस आला, की चालवणाऱ्याच्या बाजूने गावातली वजनदार म्हातारी माणसं त्याच दिवशी उठतात आणि समोरच्यांच्या दारात जातात. या मंडळींना जाहा म्हणतात. पहिल्यांदा जाहा येते ती थोड्या दिवसांची शांतता मागायला, म्हणजे कुणी कुणावर हात उचलायचा नाही. मग जखमी बरा झाला किंवा मातीआड गेला, राग जरा निवला, की शेवटच्या समेटाला पुन्हा येते. घरातला मुलगा फिंजानात, म्हणजे बिनकानाच्या छोट्या कपात, कडू कॉफी ओततो आणि जाहाच्या म्होरक्यापुढे धरतो. म्होरक्या घेतो, पण पीत नाही. समोर जमिनीवर ठेवतो आणि म्हणतो, "आमचं मागणं आहे." घरधनी म्हणतो, "कॉफी प्या, जे मागायला आलात ते दिलं." मग ती प्यायली जाते आणि प्रकरण मिटतं. घरधन्याने "प्या" म्हटलंच नाही, तर ती तशीच राहते आणि जाहा रित्या हातांनी उठते. पण असं सहसा होत नाही. एवढी पांढरी डोकी दारात आल्यावर नाही म्हणायला छाती लागते.

या मंडळींना न्यायला-आणायला गाडी लागे आणि ती अबू फव्वाजची असे. गाडी स्वच्छ, हात सावकाश, आणि तो पैसे घेत नसे. शेख हायेल हा सगळ्या जाहांचा म्होरक्या. आवाज गोड, पोट मोठं, मन वाईट नाही. तो पुढच्या सीटवर बसे आणि वाटेत भाषणाची तालीम करी. पोचल्यावर अबू फव्वाज सगळ्यांच्या मागे, दाराजवळ, काढलेल्या चपलांच्या शेजारी बसे. तिथून त्याला शेखची पाठ दिसे आणि घरधन्याचा चेहरा.

किती चेहरे पाहिले त्याने तिथे बसून. एक बाप होता, "प्या" म्हणताना त्याचे ओठ हलले पण आवाज बाहेर आला नाही, तरी मंडळींनी तेवढ्यावर भागवून घेतलं आणि कॉफी प्यायली. एकदा म्हातारे घोट घेत असताना पडद्याआडून आईने असा काही हंबरडा फोडला, की शेखचा हात हलला आणि कॉफी दाढीवर सांडली. परतीच्या वाटेवर सगळे म्हणाले, "काय दिलदार घर! काय मोठं मन!" घाटाच्या अर्ध्यावर आल्यावर बकऱ्यांच्या भावावर बोलणं गेलं. अबू फव्वाज आरशातून मागे बघत गाडी चालवत राहिला. महिना होतो न होतो तोच त्या प्रकरणात गाडी चालवणारा पोरगा पुन्हा स्टँडसमोरून गाडी उडवत गेला. अबू फव्वाजला राग आला असता तर बरं होतं. त्याला नुसता थकवा आला.

आणि मग वसंतात एका सकाळी त्याच्या मुलीला गाडीने उडवलं.

रुदैना त्याची धाकटी. शिवणकामाच्या कारखान्यात मशीनवर बसायची, गणवेशांच्या बाह्या जोडायची, आणि दिवसाच्या शेवटी बापापेक्षा जास्त दमून येऊनही बापाची नक्कल करून आईला हसवायची. ऐन बैदा गावाच्या वळणाला कारखान्याची बस थांबते, तिथे ती उभी होती. एक पांढरी पिकअप वळणावर आली ती रस्ता सोडूनच. चालवणारा मिशाल, विशीतला पोरगा, एका हातात फोन. रुदैना नाल्यात फेकली गेली. गाडी थोडी पुढे गेली, तिचे मागचे लाल दिवे लागले. मग विझले, आणि गाडी निघून गेली.

मिशाल सरळ पोलीस चौकीत गेला आणि चावी टेबलावर ठेवून बसला. तिकडे रुदैना नाल्यात पडून राहिली. मागून टोमॅटोची गाडी आली, तिच्या ड्रायव्हरला रस्त्यावर पडलेली चप्पल दिसली म्हणून तो उतरला. भला माणूस, पण घाबरलेला. त्याने तिला हातापायांना धरून उचललं आणि क्रेटांच्या मध्ये ठेवून दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की पायाचं हाड मोडलं होतं ते आधी आतल्या आत होतं, उचलण्यात ते बाहेर आलं. कुणीतरी नुसतं जवळ बसून राहायला हवं होतं, तिला हलू न देता, रुग्णवाहिका येईपर्यंत. तेवढंच. पायात सळया घातल्या, दोनदा उघडला, पण पाय आखूडच राहिला. शिलाई मशीनच्या पायट्यापर्यंत तो पोचत नाही.

दवाखान्याच्या दारातच शेख हायेल पहिली शांतता मागायला आला होता. अबू फव्वाजने ऐकून न ऐकल्यासारखी मान हलवली. फव्वाज फौजेतून सुटी काढून आला होता, हात शिवशिवत होते, त्याला बापाने नुसतं "बस खाली" म्हटलं. पुढे उन्हाळा गेला, ऑलिव्हं उतरवायचे दिवस आले, आणि निरोप आला की जाहा शुक्रवारी शेवटच्या समेटाला येतेय.

त्याच्या आदल्या दिवशी रुदैनाने बापाला हाक मारली. ती खिडकीपाशी गादीवर बसलेली, पाय उशीवर.

"बाबा, उद्या काय बोलणार आहात?"

"काय बोलणार? तेच ते. येतात, बसतात, मागतात."

"पैशांचं वगैरे तुमचं तुम्ही बघा. मला त्यात गम्य नाही. मला एकच विचारायचंय त्याला."

"काय?"

"दिवे लागले होते. मी बघितले ना. त्याने ब्रेक दाबला होता, बाबा, तो थांबत होता. मग गेला का?" तिने उशीचा कोपरा पिळला. "रोज रात्री तेच येतं डोळ्यांपुढे. मारलं त्याचं मला काही नाही वाटत आता. वळण आंधळंच आहे ते. पण मी दिसले असणार त्याला आरशात. मी हात वर केला होता."

त्याची बायको उम्म फव्वाज दारात उभी होती. ती म्हणाली, "अगं, घाबरलं असेल पोर."

"घाबरणारा ब्रेक दाबत नाही, आई, तो दाबतच नाही. याने दाबला आणि मग सोडला." मग ती बापाकडे वळली. "हे कळल्याशिवाय तुम्ही 'प्या' म्हणायचं नाही. म्हणालात, तर माझ्याशी बोलू नका."

"नाही म्हणणार," अबू फव्वाज म्हणाला.

म्हणायला सोपं होतं ते. रात्रभर त्याला शेखची पाठ दिसत राहिली. उद्या तीच माणसं, ज्यांना आपण उभी हयात दारोदार नेलं, आपल्या दारात येणार, आणि उद्या समोरचा चेहरा आपला असणार. कॉफी अडवून ठेवली तर म्हणतील, अबू फव्वाजने दुसऱ्यांच्या लेकरांवरची कॉफी आम्हाला पाजली, स्वतःवर आल्यावर हात आखडला. खोटं नव्हतं ते. दारापाशी बसून त्याने कधी एका शब्दाने तरी कुणाची बाजू घेतली होती का?

शुक्रवारी नमाजानंतर गाडी आली. अबू फव्वाज आत बसला होता, त्याने ती आधी कानांनी पाहिली. चढावर दुसरा गिअर करकरला, क्लच जळल्याचा वास खिडकीतून आत आला. "कोण जनावर चालवतंय हे," तो स्वतःशीच पुटपुटला आणि उठून दारात गेला.

म्हातारे एकेक करून उतरले, आत आले, भिंतीला टेकून बसले. घरात मटण दह्यात शिजल्याचा वास भरला होता; मिटलं तर जेवूनच जायची रीत. शेख हायेलने घसा खाकरला. तीच सुरुवात, तोच गोड आवाज. देवाने लिहिलेलं कुणाला चुकत नाही. पोरगं तरुण आहे. दोन्ही घरं एका गावची, एका विहिरीचं पाणी प्यायलेली. फव्वाजने जबडा आवळून कॉफी ओतली आणि शेखपुढे धरली. शेखने फिंजान घेतला आणि समोर गालिच्यावर ठेवला.

"अबू फव्वाज, आमचं मागणं आहे."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो गालिच्याच्या काठाकडे बघत होता. पडद्यामागे कुबडीचा ठक असा आवाज झाला. रुदैना पडद्यापाशी येऊन बसली होती.

कॉफीवरची वाफ हळूहळू गेली. एक म्हातारा खोकला. शेख हायेल जरा पुढे झुकला आणि भाषणाचा आवाज सोडून गाडीतल्या आवाजात म्हणाला, "अरे बाबा, थंड होतेय ती. तुला मी रीत शिकवायची का आता?"

"तुम्हाला आणलं कुणी?" अबू फव्वाजने विचारलं.

"म्हणजे?"

"गाडी कुणी चालवली? मी तर इथे बसलोय."

म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाला एकदम आपल्या माळेचे मणी मोजावेसे वाटले. शेवटी शेखच म्हणाला, "तू नाहीस, मग कोण आणणार? स्टँडवर शुक्रवारी एक गाडी मिळेना. मिशालने मामाची मिनीबस काढली. म्हणाला, तेवढीच सेवा. बाहेर बसलाय बिचारा. आत येणार नाही, मान ठेवतो तुझा."

"माझ्या मुलीला ज्याने उडवलं," अबू फव्वाज सावकाश म्हणाला, "त्याच्या गाडीत बसून तुम्ही माझ्याकडे क्षमा मागायला आलात."

इतक्या जाहा झाल्या, पण आपण कुणाच्या मागे बसतो हा विचार या मंडळींच्या डोक्याला कधी शिवलाच नव्हता. गाडी म्हटली की अबू फव्वाज, आणि अबू फव्वाज नसला तर जो चावी फिरवेल तो.

"बोलवा त्याला आत."

"अशी रीत नाही, अबू फव्वाज. पोरगं लहान आहे, तुझा मुलगा इथे उभा आहे, उगाच काही..."

"फव्वाज हात लावणार नाही. माझा शब्द. बोलवा."

मिशाल आत आला. वाळलेला, दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकीच्या काजात. तो दाराजवळ चपलांच्या शेजारी उभा राहिला. अबू फव्वाजची जागा ती. त्याच्या हातात चावी होती आणि ती ठेवायची कुठे हे त्याला कळत नव्हतं.

"बस," अबू फव्वाज म्हणाला. तो बसला नाही.

"एकच विचारतो. माझं नाही, माझ्या मुलीचं विचारणं आहे. धडक बसली, तू ब्रेक दाबलास. दिवे लागले, ती बघत होती. मग सोडलास आणि गेलास. का?"

"घाबरलं पोर," शेख घाईने म्हणाला. "त्या वेळी माणसाला..."

"शेख, तुम्हाला नाही विचारलं."

मिशालने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते. "सांगू नको म्हणालेत मला सगळे," तो म्हणाला.

"सांग."

"काका, मी थांबलो होतो. दार उघडलं होतं मी. ती आरशात दिसली, हात हलत होता. मी एक पाय खाली टाकला होता." त्याने चावी या हातातून त्या हातात घेतली. "मग तुमचं बोलणं आठवलं."

"माझं?"

"टपरीवर सांगायचात ना तुम्ही. माणूस पडला तर थांबू नका, खाली उतरू नका, मागे वळून बघूसुद्धा नका. त्याची भावकी धावत येते आणि रक्त तापलेलं असतं. सरळ चौकी गाठा, चावी टेबलावर ठेवा, मग शेखला निरोप धाडा." त्याने हे एका दमात, पाठ केल्यासारखं म्हटलं. "मी तसंच केलं, काका. तुम्ही सांगितलंत तसंच सगळं केलं."

शेख हायेल फिंजानाकडे बघत राहिला.

अबू फव्वाजला सलीम आठवला. तरुणपणी दोघांनी मिळून एक जुनी गाडी घेतली होती, एक दिवस हा चालवी, एक दिवस तो. सलीमच्या पाळीच्या दिवशी धनगराचं पोर गाडीखाली आलं. सलीम उतरला, पोराला उचलून मांडीवर घेऊन बसला, आणि तसाच बसलेला असताना पोराच्या चुलत्यांनी येऊन त्याला दगडांनी मारलं. पोर वाचलं, सलीम गेला. त्याचं प्रेत धुताना अबू फव्वाजच्या हातांनी जे पाहिलं, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. फक्त त्यानंतर जे पोरगं स्टँडवर नवं येई, त्याला तो बजावी, थांबू नका. त्याला वाटे, आपण पोरं वाचवतोय. वाचवलीही असतील एखाददोन. रस्त्यावर पडलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न एवढ्या वर्षांत त्याच्या मनात आलाच नव्हता. तो माणूस नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी असे.

आणि तो सांगायचा ते आधीचं सगळं, झोप, फोन, टायर, पोरांनी वाऱ्यावर सोडलं होतं. नंतरचं एवढंच मनावर घेतलं होतं.

तो भिंतीला धरून उठला. फव्वाजच्या हातातून त्याने कॉफीचं भांडं घेतलं, एक रिकामा फिंजान उचलला, स्वतः ओतली. शेखला वाटलं, आता आपली थंड झालेली बदलून देणार. पण अबू फव्वाज शेखकडे गेला नाही. तो पडदा सरकवून आत गेला.

रुदैना भिंतीशी बसली होती, आखूड पाय पुढे पसरून. तिने सगळं ऐकलं होतं. अबू फव्वाज तिच्यासमोर खाली बसला. बसताना गुडघे असे वाजले की बाहेर ऐकू गेले असतील. त्याने फिंजान आपल्यापुढे जमिनीवर ठेवला आणि हात काढून घेतला, शेख काढतो तसा.

"माझं मागणं आहे," तो म्हणाला.

उम्म फव्वाजने ओढणी तोंडावर धरली. "अगं, पी म्हण त्याला," ती कुजबुजली. "बाप आहे तुझा. बघ तरी त्याच्याकडे."

रुदैना बघतच होती. तिचा राग कुठे ठेवावा हे तिला कळेना. इतके महिने तो एका अनोळखी पोराच्या पाठीमागे धावला होता, आणि आता त्याचा धनी घरातच निघाला होता.

"मी म्हटलं होतं ना, तो थांबत होता," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही थांबू दिलं नाहीत."

"नाही दिलं."

"सलीमकाकामुळे?"

त्याने मान हलवली. तिला ती गोष्ट आईने कधीतरी सांगितलेली होती.

तिने डोळे पुसले, हाताच्या उलट्या बाजूने, रागारागाने. "आज स्टँडवर असतील का पोरं?"

"असतील. शुक्रवारी गाड्या नसतात, दुपारी सगळी टपरीवरच असतात."

"मग आधी तिकडे जा. मी सांगितलं ते चुकलं म्हणा. थांबायचं म्हणून सांगा. मार बसला तरी थांबायचं, जवळ बसायचं, हलवायचं नाही, फोन करायचा. माझं नाव घेऊन सांगा, म्हणजे ऐकतील." तिने आखूड पाय हाताने जवळ ओढला. "तुमच्या सलीमला मारलं त्यांनी, ते त्यांचं पाप. त्याने केलं ते बरोबर होतं. हेही सांगा."

"सांगतो."

"सांगून या. मग बघू कॉफीचं."

तो पुन्हा उठला. उम्म फव्वाजने पुढे येऊन फिंजानावर बशी झाकली, माशी बसू नये म्हणून.

बाहेरच्या खोलीत म्हातारे तसेच बसले होते. शेख हायेलने त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्यापुढच्या फिंजानाकडे. "आणि आमची रे?" त्याने हळूच विचारलं. त्यात चेष्टा नव्हती.

"तुमचीही राहील, शेख. ती माझ्या हातात नाही. बसा तोवर. फव्वाज, यांना पाणी दे." मग तो दाराकडे वळला. "चावी आण इकडे. आणि चल माझ्याबरोबर, तूही सांगशील काय झालं ते."

मिशालने चावी त्याच्या हातात ठेवली. अंगणात आल्यावर अबू फव्वाज सवयीने मामाच्या त्या मिनीबसभोवती फिरला. मागच्या डाव्या टायरपाशी वाकला, खाचेत बोट घालायला गेला, तर खाच नव्हतीच. रबर गुळगुळीत, एका जागी आतले धागे दिसत होते.

"यावरून तू या सगळ्या म्हाताऱ्यांना घाटातून वर आणलंस?"

मिशाल वाकून तो टायर बघू लागला.

अबू फव्वाजला ओरडायचं होतं, पण तेवढा जीव उरला नव्हता. स्वतःची गाडी होती, पण समेटाला आलेल्यांना जागा हवी म्हणून सकाळीच ती शेजाऱ्याच्या आवारात लावली होती आणि शेजारी दार बंद करून गावाला गेला होता. त्याने चावी खिशात टाकली.

"चालत जाऊ."

"काका, लांब आहे."

"माहीत आहे लांब आहे ते."

दोघे उतारावरून निघाले. मिशालचे पाय तरुण, तो भराभर पुढे गेला. त्याला कदाचित हे एकदाचं उरकून टाकायचं असेल, कदाचित शेजारी चालायची लाज वाटत असेल. अबू फव्वाज कुंपणाला हात लावत, गुडघे सांभाळत येत होता. स्टँडवर जाऊन काय बोलायचं याची त्याने जुळवाजुळव करून पाहिली, पण पहिल्याच वाक्यापाशी सलीम येऊन बसे. एका दगडावर पाय घसरला तेव्हा तो कुंपणाला धरून तिथेच उभा राहिला, आणि त्याच्या तोंडून काहीतरी निघालं. हाक नव्हती ती, नुसता कण्हल्यासारखा आवाज.

पुढे वळणावर पोचलेल्या मिशालने मागे पाहिलं. मग तो थांबला. अबू फव्वाज पोचेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.